न दिसणाऱ्या प्रकाशाचे अनुमान

सन १९७९ च्या जुलै महिन्यात ‘स्कायलॅब’ हा शब्द आपल्या देशात खेडोपाडी जाऊन पोहोचला होता. अमेरिकेने १९७३ च्या मे महिन्यात आकाशात सोडलेली, सुमारे पाऊणशे टन वजनाची ही प्रयोगशाळा खाली येत होती आणि ती नेमकी कोठे कोसळेल हे कोणालाही सांगता येत नव्हते. अखेर ११ जुलै रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील विरळ वस्तीच्या प्रदेशात पडले. मनुष्यहानी झाली नाही, आणि आपल्याकडील भीतीही चार दिवसांत ओसरली. परंतु ती त्याच वर्षी का पडली, हा प्रश्न त्या धांदलीत मागे राहिला. १९७४ च्या फेब्रुवारीत तिच्यातील शेवटचे अंतराळवीर परतले, तेव्हा ती जमिनीपासून सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक उंचीवर फिरत होती. आणखी आठनऊ वर्षे तरी ती तेथे तग धरील, आणि तेवढ्या अवधीत नवे अवकाशयान जाऊन तिला वर ढकलील, असा हिशेब होता. ते नवे यान प्रथम उडाले १९८१ च्या एप्रिलमध्ये. तोवर स्कायलॅब उरली नव्हती.

हिशेब चुकला तो सूर्यामुळे. त्या वर्षांत सूर्य अपेक्षेहून अधिक क्षुब्ध झाला. त्याच्या एका विशिष्ट प्रकारच्या प्रकाशाने पृथ्वीभोवतालची अतिविरळ हवा तापली, फुगली आणि वर चढली. स्कायलॅबच्या मार्गात पूर्वीपेक्षा दाट हवा आली. तिच्या घर्षणाने प्रयोगशाळेचा वेग मंदावत गेला आणि ती खाली खाली येऊ लागली. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तो जमिनीपर्यंत येतही नाही. तरी तो आज किती आहे आणि उद्या किती असेल हे सांगावेच लागते. जे दिसत नाही आणि जेथे आपण उभे आहोत तेथवर येत नाही, त्याचे माप शास्त्रज्ञ कसे घेतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या प्रकाशाची थोडी ओळख करून घेऊ. इंद्रधनुष्यातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे जे किरण असतात त्यांना आपण जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जंबुपार किरणांच्या अगदी टोकाला, सुमारे १० पासून १२० नॅनोमीटरपर्यंत, जो पट्टा पसरला आहे त्याला आपण येथे आत्यंतिक जंबुपार म्हणू. सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो त्याचे तपमान साडेपाच हजार अंश सेल्सियसच्या आसपास आहे, आणि एवढ्या तपमानाच्या पदार्थातून हे किरण फारसे निघत नाहीत. ते निघतात त्या पृष्ठभागावरील वर्णगोलाच्या वरच्या भागातून आणि त्याहूनही वरच्या किरीटातून. किरीट म्हणजे खग्रास ग्रहणाच्या वेळी काळ्या बिंबाभोवती जे शुभ्र तेजोवलय दिसते ते. तेथील तपमान दहा लाख अंशांच्या वर जाते, आणि अनेक इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंडाचे अणू तेथे चमकत असतात.

सूर्यापासून आपल्याला जी एकूण शक्ती मिळते तीत या किरणांचा वाटा किती? वातावरणाच्या बाहेर, सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॉट शक्ती येते. तीत आत्यंतिक जंबुपार किरणांचा भाग अवघ्या काही मिलिवॉटांचा, म्हणजे लाखात एकाहूनही कमी. मात्र एकूण सूर्यप्रकाश अकरा वर्षांच्या सौरचक्रात हजारात एखाद्या भागाने कमीअधिक होतो, तर हे किरण त्याच काळात दुप्पट वा त्याहूनही अधिक होतात, आणि किरीटातून येणाऱ्या काही तरंगलांबी कित्येक पटींनी वाढतात. शांत मनुष्याच्या घरात एखादा तापट भाऊ असावा, तसे हे सूर्याचे अंग आहे.

पृथ्वीकडे येताना हे किरण जमिनीपासून शंभर किलोमीटरांच्या वरच प्राणवायू आणि नायट्रोजन यांच्या कणांत शोषले जातात. जीवसृष्टीच्या दृष्टीने ते बरेच आहे, कारण हे किरण सजीव पेशींना घातक असतात. परंतु शोषलेली शक्ती वाया जात नाही. ती दोन कामे करते. अणूंतील इलेक्ट्रॉन तोडून ती आयनांबर निर्माण करते, आणि उरलेल्या शक्तीने ती त्या उंचीवरील हवा तापवते. सौरचक्राच्या उतारावर तेथील तपमान ७०० केल्व्हिनच्या आसपास असते. भरतीच्या वर्षांत ते १२०० केल्व्हिनच्या वर जाते. त्यामुळे चारशे किलोमीटर उंचीवरील हवेची घनता शांत वर्षांच्या मानाने जवळजवळ दहापट होते.

ही हवा इतकी विरळ असते की प्रयोगशाळेतील निर्वात पात्र म्हणून ती सहज खपेल. पण सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावणाऱ्या उपग्रहाला तीही जाणवते. आज आकाशात दहा हजारांहून अधिक चालते उपग्रह आहेत, आणि मोडक्या यंत्रांचे तुकडे याहून कितीतरी अधिक आहेत. दोन वस्तू एकमेकींच्या वाटेत येणार की नाही, हे एकदोन दिवस आधी सांगावे लागते. घनतेचा अंदाज थोडा चुकला तर उपग्रह अपेक्षित जागेच्या पुढे वा मागे राहतो, आणि ही चूक दिवसागणिक वाढत जाते. मग उपग्रहाला विनाकारण बाजूला सारून इंधन खर्चावे लागते, अथवा सारावयास हवे तेव्हा सारले जात नाही. दुसरीकडे आयनांबरातून येणारे दिशादर्शक उपग्रहांचे संदेश त्यातील इलेक्ट्रॉनांमुळे रेंगाळतात, आणि विमानाचे वा जहाजाचे स्थान काही मीटरांनी चुकते. आपला देश चुंबकीय विषुववृत्ताच्या लगत असल्यामुळे आपल्यावरील आयनांबर विशेष दाट आणि चंचल असते. महाराष्ट्रापासून दूर, कोलकात्यास किंवा दिल्लीस राहून ज्यांनी कधी काळी रात्री लघुलहरींवर आपल्या भाषेतील आवाज शोधला असेल, त्यांनी या आयनांबराचा उपकार आणि त्याची लहर, दोन्ही अनुभवली असतील. तो आवाज आयनांबरावरून परावर्तित होऊनच त्यांच्यापर्यंत पोहोचत असे.

तेव्हा या किरणांचे मान कळणे अगत्याचे आहे. पण ते कळावे कसे? आपल्या न्यायशास्त्राने यासाठी फार पूर्वी एक साधन सांगून ठेवले आहे. त्याचे नाव अनुमान. डोंगरावरचा अग्नी दिसत नाही, धूर दिसतो. धूर आणि अग्नी यांचे नित्य साहचर्य आपण स्वयंपाकघरात पाहिलेले असते, म्हणून डोंगरावर अग्नी आहे असे आपण म्हणतो. आत्यंतिक जंबुपार किरणांच्या बाबतीतही शास्त्रज्ञांनी असेच धूर शोधले.

त्यांतील सर्वांत जुना धूर म्हणजे होकायंत्राची सुई. १७२२ साली लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम यांना असे आढळले की सुई दिवसभर एका जागी स्थिर राहत नाही. ती रोज ठराविक वेळी थोडी एका बाजूस आणि मग दुसऱ्या बाजूस झुकते. १८५२ साली रूडॉल्फ व्होल्फ आणि आल्फ्रेद गोतिए यांनी दाखविले की या दैनिक हेलकाव्याचा आवाका सौर डागांच्या संख्येबरोबर वाढतो आणि घटतो. १८८२ साली बाल्फोर स्ट्युअर्ट यांनी याचे कारण सुचविले. उंचावरील हवा विद्युत्‌वाहक असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहते तेव्हा जनित्राप्रमाणे वीज उत्पन्न होते, आणि त्या विजेचा प्रवाह खालच्या सुईला हलवतो. हवा विद्युत्‌वाहक होते ती मुख्यतः आपल्या या अदृश्य किरणांमुळे. म्हणजे सुईचा रोजचा हेलकावा हा त्या किरणांचा मापक ठरतो.

या ठिकाणी मुंबईचे नाव घेणे प्राप्त आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ सालापासून चुंबकीय निरीक्षणे होत होती. तिचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभॉय मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी संकलित करून १९१० साली त्यांचे दोन भाग प्रसिद्ध केले. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार हे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहांनी सुया बिघडतील हे ओळखून ही निरीक्षणे १९०४ साली अलिबागेस नेण्यात आली. तेथील इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला दगड निवडण्यात आला. दोन्ही ठिकाणी काही काळ एकाच वेळी मोजमाप चालू ठेवून जुन्या मालिकेची नव्या मालिकेशी सांगड घालण्यात आली. ही दूरदृष्टी लक्षात ठेवण्याजोगी आहे. अशा मालिकांचे मोल त्या अखंड राहतील तरच असते. सुईचा दैनिक फरक एकूण चुंबकीय क्षेत्राच्या हजारातील एखादा भाग असतो. तो शतकभर न चुकता टिपून ठेवणाऱ्यांना आपण सूर्याच्या अदृश्य प्रकाशाची रोजनिशी लिहीत आहोत हे त्या वेळी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. २०१६ साली लीफ स्वालगार्ड यांनी निरनिराळ्या देशांतील अशाच जुन्या चुंबकीय नोंदींवरून १७४० पासूनच्या आत्यंतिक जंबुपार किरणांच्या चढउताराचा आलेख मांडला, तेव्हा या रोजनिशांचे महत्त्व पुन्हा एकदा प्रत्ययास आले.

सुईवरून भूतकाळ वाचता येतो. परंतु उपग्रह चालविणाऱ्याला आजचा आकडा हवा असतो. तो ज्या धुरावरून मिळू लागला त्याचा शोध १९४६ सालचा आहे. त्या वर्षी अवघ्या सहा आठवड्यांत दोन घटना घडल्या, आणि दोन्हींत युद्धातून उरलेले सामान शास्त्राच्या उपयोगी पडले. १० ऑक्टोबर १९४६ रोजी अमेरिकेत, जर्मनांकडून हस्तगत केलेल्या व्ही-२ अग्निबाणाच्या साहाय्याने रिचर्ड टाउझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वातावरणाच्या वरच्या थरांतून सूर्याच्या जंबुपार वर्णपटाचे छायाचित्र घेतले. वातावरण ज्या किरणांना खाली येऊ देत नाही त्यांच्याकडे पाहण्याची वाट तेव्हा प्रथम मोकळी झाली, आणि पुढील वर्षांत अग्निबाण आत्यंतिक जंबुपार किरणांपर्यंतही पोहोचले. दुसरी घटना कॅनडातील. ओटावा येथे आर्थर कव्हिंग्टन हे रडारच्या जुन्या सामानातून बनविलेल्या यंत्रावर सूर्याचे १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीचे रेडिओ तरंग मोजत होते. २३ नोव्हेंबर १९४६ रोजी तेथे खंडग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राने एका मोठ्या सौर डागांचा समूह झाकला तेव्हा यंत्रातील संकेत एकदम उतरला. याचा अर्थ हे तरंग सूर्याच्या सर्व अंगातून सारखे येत नसून डागांच्या परिसरातून अधिक येत होते.

१९४७ सालापासून कॅनडात हे माप रोज घेतले जात आहे. १९९१ पासून ते काम ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पेंटिक्टन येथे चालते, आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तबकड्या अवघ्या १.८ मीटर व्यासाच्या आहेत. आकाशात ढग असोत की बर्फ पडो, या तरंगांना अडथळा होत नाही. दिवसातून तीनदा माप घेतात आणि दुपारचा आकडा मुख्य मानतात. सूर्य अगदी शांत असता तो ६५ ते ७० असतो. क्षुब्ध असता दोनशेच्या वर आणि कधी तीनशेपर्यंतही जातो. ज्या चुंबकीय क्षेत्रांच्या वर किरीट तापतो आणि जंबुपार किरण सोडतो, त्याच क्षेत्रांवरील दाट, तप्त वायूतून हे रेडिओ तरंगही निघतात. दोघांचे उगमस्थान शेजारशेजारचे, म्हणून एकावरून दुसऱ्याचे अनुमान.

हे अनुमान करण्याची रीत दिसावयास अगदी सोपी आहे. आजचा आकडा घ्यावा. आजच्या दिवसाच्या मागचेपुढचे मिळून ८१ दिवसांचे सरासरी मान काढावे. मग या दोहोंची सरासरी घ्यावी. ८१ दिवस का? सूर्य स्वतःभोवती फिरताना पृथ्वीवरून पाहणाऱ्यास त्याची एक फेरी सुमारे २७ दिवसांची दिसते. अशा तीन फेऱ्यांचे ८१ दिवस होतात. आजचा आकडा आपल्यासमोर असलेल्या डागांचा गुण सांगतो, तर सरासरी संपूर्ण सूर्याचा त्या काळातील स्वभाव सांगते. समजा आजचा आकडा १८० आहे आणि सरासरी १४०. दोहोंचा मध्य १६०. १९९४ साली रिचर्ड्‌स, फेनेली आणि टॉर यांनी जी पद्धत मांडली, तीत आत्यंतिक जंबुपार किरणांचे ३७ भाग पाडले आहेत. मध्य ८० असता प्रत्येक भागात किती शक्ती असते हे आधारभूत धरलेले आहे. मध्य ८० च्या वर जितका जाईल त्या प्रमाणात प्रत्येक भाग आपापल्या गुणकाने वाढतो. किरीटातून येणारे भाग झपाट्याने वाढतात, खालच्या थरांतून येणारे सावकाश.

या पद्धतीचा आधार म्हणजे २३ एप्रिल १९७४ रोजी एका अग्निबाणाने घेतलेला वर्णपट. तो जसाच्या तसा मात्र स्वीकारता आला नाही. या किरणांनी आयनांबरात जे इलेक्ट्रॉन सुटतात ते उपग्रहांनी प्रत्यक्ष मोजले होते. वर्णपटातील लहान तरंगलांबीची शक्ती त्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब लावण्यास अपुरी पडत होती. म्हणून २५ नॅनोमीटरांच्या खालील मान दुप्पट आणि १५ नॅनोमीटरांच्या खालील मान तिप्पट धरावे लागले. एका साक्षीदाराची दुसऱ्याने अशी उलटतपासणी घेतली नसती तर उणा आकडा तसाच पुढे चालत राहिला असता.

येथे पुन्हा न्यायशास्त्राकडे वळावेसे वाटते. धुरावरून अग्नी आहे एवढे निश्चित कळते. पण अग्नी केवढा आहे हे धुराच्या लोटावरून ठरवू गेल्यास सरपण ओले की सुके हेही ठाऊक असावे लागते. ओल्या सरपणाचा हा दाखला आपल्या नैयायिकांनी उपाधी म्हणून फार बारकाईने चर्चिला आहे. १०.७ सेंटिमीटरच्या तरंगांनाही अशा उपाधी आहेत. सूर्यावर कधी स्फोटासारखी ज्वाला उसळते, तेव्हा रेडिओ तरंग काही मिनिटांत कितीतरी पटींनी वाढतात. त्या प्रमाणात जंबुपार किरण वाढलेले नसतात. त्या क्षणी घेतलेला आकडा दिवसाचा प्रतिनिधी मानला तर हवा प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक फुगली असा निष्कर्ष निघेल. मोठ्या डागांवरील प्रखर चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गिरक्या घेतात, त्यांचा म्हणून रेडिओ तरंगांत एक वेगळा वाटा असतो. तो जंबुपार किरणांशी तितकासा बांधलेला नाही. आणि सूर्य अगदी निपचित झाला तरी रेडिओचा आकडा ६५ च्या फारसा खाली उतरत नाही. अंगातील ताप आणखी उतरत असता तापमापकातील पारा एका जागी अडून राहावा, तशातला हा प्रकार आहे.

२००८ आणि २००९ या वर्षी याचा प्रत्यय आला. सूर्य दीर्घ काळ विलक्षण शांत होता. १९९५ च्या डिसेंबरात सोडलेल्या सोहो यानावरील मापक असे दाखवीत होता की १९९६ च्या शांत काळाच्या मानाने आत्यंतिक जंबुपार किरण सुमारे १५ टक्क्यांनी उतरले आहेत. रेडिओचा आकडा मात्र त्या मानाने थोडाच उतरला होता. त्या काळात उपग्रहांच्या भ्रमणावरून काढलेली वरच्या हवेची घनता नेहमीच्या हिशेबाने जी यावयास हवी होती तीहून १० ते ३० टक्क्यांनी कमी भरली. या घटीचा काही भाग कार्बन डायॉक्साइडच्या वाढीमुळे वरची हवा थंड होत असल्याचा असावा. परंतु मोठा वाटा सूर्याचा होता, आणि तो रेडिओच्या आकड्यात पुरता उमटला नव्हता. उपग्रहांच्या दृष्टीने ही चूक सुखाची होती, कारण घर्षण अपेक्षेहून कमी होते. अवकाशातील कचऱ्याच्या दृष्टीने ती तशी नव्हती. जे तुकडे खाली येऊन जळून जावयाचे, ते वरच फिरत राहिले.

मग थेट मोजणेच का करीत नाहीत, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. करतात. सोहोनंतर २००१ च्या डिसेंबरात टाइम्ड आणि २०१० च्या फेब्रुवारीत सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी ही याने गेली. २०१६ पासून अमेरिकेच्या नव्या हवामान उपग्रहांवरही असे मापक आहेत. पण ज्या प्रकाशाचे मोजमाप करावयाचे तोच मापकाचा शत्रू असतो. यंत्रातील सूक्ष्म वाफा आरशांवर आणि गाळण्यांवर बसतात, आणि हे प्रखर किरण त्यांचा तेथे घट्ट लेप जमवितात. यंत्र हळूहळू आंधळे होत जाते. सूर्य मंदावला की यंत्र मंदावले, हे केवळ त्या यंत्राकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून ठराविक काळाने तसेच नवे यंत्र अग्निबाणातून काही मिनिटांसाठी वर पाठवितात आणि दोघांची मापे ताडून पाहतात. सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीवरील या कामाच्या यंत्राचा एक महत्त्वाचा भाग २०१४ च्या मे महिन्यात विद्युत्‌दोषाने कायमचा बंद पडला. अशा वेळी कॅनडातील त्या लहानशा तबकड्या पुन्हा उपयोगी पडतात.

या अडचणीवर एक सुबक तोड मॅग्नेशियमच्या रेषांनी दिली. २८० नॅनोमीटरांजवळ सूर्याच्या वर्णपटात मॅग्नेशियमची एक रुंद काळी दरी आहे. तिच्या तळाशी एक लहानसा उजळ भाग आहे. तो वर्णगोलातून येतो आणि सूर्याच्या क्षोभाबरोबर बदलतो. दरीचे काठ मात्र खालच्या शांत थरांतून येत असल्याने जवळजवळ बदलत नाहीत. तळाच्या उजेडाला काठाच्या उजेडाने भागले की यंत्राचा मंदावलेपणा वरखाली दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे बराचसा निघून जातो. १९७८ च्या निंबस-७ या उपग्रहाच्या नोंदींवरून हीथ आणि श्लेसिंगर यांनी १९८६ साली हे गुणोत्तर मांडले. आज जंबुपार किरणांच्या अनुमानात ते रेडिओच्या आकड्याचा जोडीदार झाले आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघून ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या नियोजित कक्षेत स्थिरावलेल्या भारताच्या आदित्य-एल १ यानावर पुण्याच्या आयुका संस्थेने सिद्ध केलेली सूट नावाची दुर्बीण आहे. तीतून आत्यंतिक जंबुपार नव्हे, तर २०० ते ४०० नॅनोमीटरांमधील जंबुपार प्रकाशाची चित्रे घेतली जातात, आणि मॅग्नेशियमच्या याच दोन रेषांसाठी तीत स्वतंत्र गाळण्या बसविलेल्या आहेत. सूर्याच्या कोणत्या भागातून किती प्रकाश वाढला हे त्या चित्रांतून पाहता येते.

आजचे मान कळले तरी उद्याचे राहतेच. त्यासाठी सूर्याची फेरी उपयोगी पडते. आज मावळतीच्या काठावरून पलीकडे गेलेला डागांचा समूह टिकून राहिला तर सुमारे दोन आठवड्यांनी उगवतीच्या काठावर पुन्हा दिसेल, हे धरून सत्तावीस दिवसांपूर्वीचा आकडा मार्गदर्शक ठरतो. पण पलीकडच्या बाजूस या अवधीत नवे डाग जन्मले तर? २००६ साली सोडलेल्या स्टिरिओच्या जोडयानांनी काही काळ ती बाजूही दाखविली. २०११ च्या फेब्रुवारीत मनुष्याने प्रथमच संपूर्ण सूर्य एका वेळी पाहिला. २०१४ च्या ऑक्टोबरात त्यांपैकी एका यानाशी संपर्क तुटला. सूर्याच्या अंतरंगातून जाणाऱ्या ध्वनितरंगांवरून पाठीमागचे मोठे डाग ओळखण्याची युक्तीही हाती आहे. तिच्यामुळे पुष्कळदा आठवडाभर आधी सूचना मिळते.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. वरची हवा फुगविणारा सूर्याचा हा प्रकाश एवढाच काही अपराधी नाही. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुसंख्य उपग्रह काही दिवसांतच जळून गेले. त्याला कारण झाले सौर वाऱ्यातून आलेले एक साधारण प्रतीचे चुंबकीय वादळ. अशी वादळे येतात आणि एकदोन दिवसांत जातात. जंबुपार किरणांचा प्रभाव दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे चालू राहतो. समुद्राशी तुलना केली तर वादळ ही उसळलेली लाट आहे आणि हे किरण म्हणजे भरती-ओहोटी. जी लाट ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर विरून जाईल, ती भरतीच्या वेळी घरात शिरते. म्हणून वादळाचा अंदाज करणाऱ्यालाही आधी या भरतीची उंची माहीत असावी लागते.

श्रोतेहो, चालू सौरचक्राचा कळस २०२४ च्या सुमारास होऊन गेला. आता उतार लागेल, आणि या दशकाच्या अखेरीकडे सूर्य पुन्हा शांत होईल. २००८ साली असा उतार आला तेव्हा आकाशात चालते उपग्रह हजारभरही नव्हते. या खेपेस ते त्याच्या दसपटीहून अधिक असतील, आणि घनतेच्या अंदाजातील त्याच दहावीस टक्क्यांच्या चुकीची किंमत अनेक पटींनी वाढलेली असेल. त्यामुळे रेडिओचा आकडा, मॅग्नेशियमचे गुणोत्तर, यानांवरील मापक आणि होकायंत्राची सुई हे चारही साक्षीदार जवळ ठेवणे, त्यांच्या नोंदी खंडित होऊ न देणे, आणि अंदाजाचा आकडा देताना तो किती चुकू शकेल हेही त्याच्या शेजारी लिहिणे, हे आजच्या वेधशाळांचे कर्तव्य आहे. यांतील कोणतेही काम डोळे दिपविणारे नाही. अलिबागेत आज जी नोंद होईल, तिचा उपयोग कोणाला आणि कोणत्या कामी होईल हे ती करणाराही कदाचित सांगू शकणार नाही. कुलाब्याच्या जुन्या निरीक्षकांनाही ते सांगता आले नसते.